यादीत नसलेल्यांची मोजदाद

पेशवाईच्या दप्तरांत खानेसुमारीचे जे कागद जपून ठेवलेले आहेत, त्यांच्या नावातच मोजणीविषयीची एक जुनी समजूत सामावलेली आहे. खाना म्हणजे घर आणि सुमारी म्हणजे मोजदाद. तेव्हा मोजायचे ते घर, आणि त्या घराच्या आश्रयाने जो कोणी राहील तो आपोआप हिशेबात आला, असा त्या काळच्या कारकुनांचा शिरस्ता. पुढे इंग्रजी अमदानीत १८७२ साली पहिली आणि १८८१ साली एकसमयावच्छेदेकरून दुसरी शिरगणती झाली, घरांच्या जागी माणसे मोजली जाऊ लागली. पण गणक यायचा तो दाराशीच, आणि त्याला जबाब द्यायचा तो बहुधा कुटुंबप्रमुखाने. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात स्त्री व पुरुष यांच्या जोडीला 'इतर' हा तिसरा पर्याय प्रथमच ठेवण्यात आला आणि देशभरातून त्यात सुमारे ४ लाख ८८ हजार नोंदी पडल्या. १२१ कोटींच्या देशात हा आकडा इतका लहान का, याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. जी गोष्ट मुलाने बापाला सांगितलेली नाही ती बाप गणकाला कशी सांगणार? आणि बापाला ती ठाऊक असली, तरी शेजारचा माणूस ओसरीवर बसलेला असताना तो ती उच्चारणार आहे काय?

सरकारदरबारी ज्याचा आकडा नाही, त्याच्या नावे अंदाजपत्रकात रक्कम पडत नाही. कोणत्या शहरात किती सुया-औषधे पाठवावीत, कोठे दवाखाना उघडावा, कोणत्या कायद्यात कोणता शब्द घालावा, हे सारे निर्णय शेवटी कोणत्या ना कोणत्या संख्येवर टेकलेले असतात. आणि ज्यांना या गोष्टींची गरज सर्वांहून अधिक, तेच लोक पुष्कळदा संख्येच्या बाहेर राहिलेले असतात. म्हणूनच, यादीत नसलेल्या माणसांची प्रामाणिक मोजदाद कशी करावी, हा विषय केवळ संख्याशास्त्रज्ञांच्या खासगीतला आहे असे मी मानीत नाही.

नमुना पाहणीचे शास्त्र ज्या पायावर उभे आहे तो पाया साधा आहे. सर्वांना विचारणे शक्य नसले तर थोड्यांना विचारावे. मात्र ते थोडे अशा रीतीने निवडावेत, की समाजातील प्रत्येकाला निवडले जाण्याची संधी असावी आणि ती संधी किती आहे हे आपल्याला ठाऊक असावे. महाराष्ट्राला हे शास्त्र परके नाही. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९३६-३७ च्या सुमारास हाती घेतली होती. आणि सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेल्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी शेतातील पिकाचा अंदाज नमुन्यावरून बांधण्याच्या पद्धतीला जे शास्त्रीय रूप दिले, त्याची गणना त्या विषयातील पायाभूत कामात होते. परंतु घरांची यादी नगरपालिकेत असते आणि सर्व्हे नंबरांची तलाठ्याच्या दप्तरात असते. जमीन तर आपले अस्तित्व कोणापासून लपवीतही नाही.

यादीच वाकडी असली तर कितीही मोठा नमुना उपयोगी पडत नाही, याचा धडा अमेरिकेला त्याच सुमारास मिळाला. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने रवाना केल्या, चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या, आणि त्यांच्या बळावर लँडन निवडून येणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाने नावे घेतली होती ती प्रामुख्याने टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या वर्षांत ज्यांच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत होती ते या याद्यांत नव्हते. तेथे निदान यादी होती, वाकडी का होईना. सुई टोचून मादक द्रव्य घेणारे, कागदपत्रांवाचून परमुलखात राहणारे मजूर, आपले आकर्षण वा आपली लिंगओळख घरीही न सांगू शकणारे तरुण यांची यादी नाहीच. आणि ती करू जावे तर ती यादीच त्यांच्या जिवावर उठण्याचा संभव.

अशा लोकांपर्यंत पोहोचण्याची एक वाट मात्र प्राचीन आहे: ते एकमेकांना ओळखतात. एकाला गाठावे, त्याच्याकडून दुसऱ्याचे नाव घ्यावे, दुसऱ्याकडून तिसऱ्याचे. डोंगरउतारावरून घरंगळणाऱ्या बर्फाच्या गोळ्याचे नाव या रीतीला मिळाले आणि लिओ गुडमन या संख्याशास्त्रज्ञाने १९६१ साली तिचे गणितही मांडले. तरीही व्यवहारात या रीतीला दोन मोठी दूषणे चिकटून राहिली. ज्याच्यापासून आरंभ करावा त्याच्याच गोतावळ्यात पाहणी फिरत राही. आणि एकाने दुसऱ्याचे नाव परक्या माणसाला सांगणे म्हणजे, कितीही सद्हेतूने असो, चहाडीच होती.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, एचआयव्हीचा प्रसार रोखण्यासाठी मादक द्रव्ये टोचून घेणाऱ्या लोकांत काम चालू असताना, डग्लस हेकाथॉर्न या समाजशास्त्रज्ञाने या दोन्ही दूषणांवर तोड काढली आणि १९९७ साली ती प्रसिद्ध केली. उत्तरदात्यांनीच पुढे चालविलेली नमुनानिवड असे तिचे वर्णन करता येईल. तिचे सारे मर्म एका लहानशा चिठ्ठीत आहे. ज्याची मुलाखत झाली त्याच्याकडे संशोधक कोणाचेही नाव विचारीत नाही. तो त्याच्या हातात तीन कुपने ठेवतो. कुपनावर केंद्राचा पत्ता, वेळ आणि एक क्रमांक, एवढेच. ती कोणाला द्यायची हे त्याचे त्याने ठरवायचे. ज्याला मिळेल त्याने यायचे की कुपन फाडून टाकायचे हे त्या दुसऱ्याने ठरवायचे. आला तर त्याला मुलाखतीचा अल्पसा मोबदला मिळतो आणि ज्याने कुपन दिले त्यालाही थोडासा. आणि क्रमांकावरून संशोधकाला कळते ते इतकेच, की बाविसावा हा सातव्याने पाठविलेला आहे. जो आला नाही त्याचे नाव जगात कोठेही लिहिले गेले नाही. नाव सांगण्याच्या जागी निरोप देण्याची ही योजना मला शास्त्रीय युक्तीइतकीच सभ्यपणाचीही वाटते.

कुपने मोजकीच देण्यातही हेतू आहे. ती अमर्याद दिली तर एखादा लोकसंग्रही माणूस सगळ्या पाहणीत आपलेच मित्र भरील. दोन-तीनच दिली तर साखळी रुंद न होता लांब होते. आरंभीच्या निवडक व्यक्तींना या शास्त्रात बीज म्हणतात आणि पुढच्या प्रत्येक पिढीला लाट. एका बीजापासून तीन, तिनांपासून नऊ, नवांपासून सत्तावीस, अशा हिशेबाने पाचव्या लाटेत २४३ माणसे व्हावीत. प्रत्यक्षात बरीचशी कुपने परत येतच नाहीत, म्हणून वाढ पुष्कळ मंद असते. परंतु साखळी पुरेशी लांबली, की नमुन्याचे स्वरूप आरंभी कोण होते यावर अवलंबून राहीनासे होते, हा त्यामागचा गणिती सिद्धान्त आहे.

येथे एक पेच उरतोच, आणि तो समजण्यासाठी आपल्याकडच्या जुन्या वाड्यांकडे वळावे. चैत्रातले हळदीकुंकू आहे आणि ज्या बाईला आवतण पोहोचले तिने आपल्या ओळखीच्या आणखी दोघींना ते द्यायचे, अशी चाल आहे असे समजा. पुढच्या चौकात राहणाऱ्या, चाळीस घरी येणे-जाणे असलेल्या वडीलधाऱ्या काकूंकडे आवतण चाळीस वाटांनी येऊ शकते. मागच्या खोलीत नुकत्याच राहायला आलेल्या, दोघींनाच ओळखणाऱ्या सुनेकडे ते दोनच वाटांनी. संध्याकाळी जमलेल्या बायकांवरून वाड्याचा अंदाज बांधावा तर वाडा आहे त्याहून फार बोलका आणि फार मिळून-मिसळून असलेला दिसेल. स्कॉट फेल्ड यांनी १९९१ साली दाखवून दिले होते, की सरासरीने पाहता आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा अधिक मित्र असतात. त्याचे कारणही हेच. ज्याच्या ओळखी अधिक त्याच्यापर्यंत कोणतीही साखळी अधिक वेळा जाऊन पोहोचते.

त्यावरचा उपाय असा, की प्रत्येकाला त्याच्या ओळखींची संख्या विचारावी आणि त्या प्रमाणात त्याच्या उत्तराचे वजन कमी करावे. उदाहरणार्थ, शंभर जणांची पाहणी झाली, त्यांत पन्नास जणांना प्रत्येकी वीस समदुःखी ठाऊक आहेत आणि उरलेल्या पन्नासांना प्रत्येकी पाचच. पहिल्या पन्नासांतील चाळीस जण कधी ना कधी दवाखान्यात गेलेले आहेत, दुसऱ्या पन्नासांतील दहाच. सरळ बेरीज केली तर निम्मे लोक दवाखान्यात गेले असे निघते. आता पहिल्यांतील प्रत्येकाला एक-विसांश आणि दुसऱ्यांतील प्रत्येकाला एक-पंचमांश वजन द्या. एकूण वजन भरते अडीच अधिक दहा, म्हणजे साडेबारा. दवाखान्यात गेलेल्यांचे वजन भरते दोन अधिक दोन, म्हणजे चार. उत्तर येते शेकडा ३२. शेकडा ५० आणि शेकडा ३२ यांमधले हे अंतर म्हणजे मागच्या खोलीतली माणसे होत. हा सारा हिशेब एकाच प्रश्नाच्या उत्तरावर तोललेला आहे: तुम्ही ज्यांना ओळखता आणि जे तुम्हांला ओळखतात, असे या शहरातले किती जण?

ही रीत केवळ दुःखितांपुरती राहिली नाही. जाझ वादकांचीही कोठे संपूर्ण यादी नसते, म्हणून हेकाथॉर्न आणि जोन जेफ्री यांनी न्यूयॉर्कसारख्या शहरांतील वादकांची स्थिती याच मार्गाने अभ्यासली. परंतु तिचा खरा विस्तार झाला तो एचआयव्हीच्या संदर्भात, आणि भारतातही. २०१२-१३ मध्ये इम्फाळपासून मुंबईपर्यंतच्या १५ शहरांत सुईद्वारे मादक द्रव्ये घेणाऱ्या १४ हजारांहून अधिक लोकांची पाहणी या पद्धतीने झाली. प्रत्येकाला दोन कुपने मिळत, आणि एकच माणूस दोनदा येऊ नये म्हणून बोटाच्या ठशावरून सांकेतिक क्रमांक तयार केला जाई.

कुपन हातात घेऊन केंद्राच्या पायऱ्या चढणे हीच अनेकांना न पेलणारी गोष्ट असते. दाराशी कोणी ओळखीचे भेटले तर? तेव्हा कुपनाच्या जागी दुवा आणि केंद्राच्या जागी संगणक आला तर काय होईल, हा विचार ओघानेच आला. सिप्रियन वेनर्ट आणि हेकाथॉर्न यांनी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला आणि २००८ साली तो प्रसिद्ध झाला. ७२ तासांच्या आत १५९ विद्यार्थ्यांची उत्तरे हाती आली. विद्यार्थी हे काही लपलेले लोक नव्हेत, पण ती निवड मुद्दाम होती. त्यांची यादी विद्यापीठाकडे होती, त्यामुळे पाहणीतून निघालेले प्रमाण खऱ्या प्रमाणाशी ताडून पाहता आले.

खरी कसोटी व्हिएतनाममध्ये लागली. पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांची एक पाहणी तेथे १८ फेब्रुवारी ते १२ एप्रिल २०११ या काळात संपूर्णपणे इंटरनेटवरून करण्यात आली. वीस जणांपासून प्रारंभ झाला. प्रत्येकाला आपल्यासारख्या मित्राकडून आमंत्रण यायचे, त्याने प्रवेश करून प्रश्नावली भरायची, आणि पुढे चार मित्रांपर्यंत आमंत्रणे धाडायची. आठ आठवड्यांच्या आत ६७६ जण सहभागी झाले आणि साखळी चोविसाव्या लाटेपर्यंत गेली. चोवीस लाटा म्हणजे ज्याला पहिला माणूस ओळखत नाही, त्याच्या ओळखीचा ओळखत नाही, त्याच्याही ओळखीचा ओळखत नाही, अशा कितीतरी पायऱ्या ओलांडून गेलेला विश्वास. ६३ पैकी ३२ प्रांतांतून उत्तरे आली. कागदी कुपन घेऊन बसलेल्या एखाद्या केंद्राला हे कधीही साधले नसते. मात्र त्याच पाहणीतले दुसरे आकडेही पाहावेत. सरासरी वय निघाले २२ वर्षे, आणि शेकडा ८२ जण दोन महानगरांच्या परिसरातले. पन्नाशीचा शेतकरी, ज्याने आयुष्यभर हे कोणाला सांगितले नाही, त्याच्या दाराशी ही साखळी गेली नाही, किंवा गेली तरी त्याच्याजवळ संगणक नव्हता.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात २००९-१० मध्ये पारलिंगी व्यक्तींची जी पाहणी झाली, तीत इंटरनेटबरोबर कागदी प्रश्नावलीचाही मार्ग मोकळा ठेवलेला होता, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. सोळा वर्षांवरील ४३३ जणांनी उत्तरे दिली. प्रत्येकाला तिघांना बोलावता येत होते. त्यांतून जे बाहेर आले त्यातली एकच गोष्ट सांगतो. दर पाच जणांत सुमारे एकाने, केव्हा ना केव्हा, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाण्याची गरज असूनही जाणे टाळले होते, कारण आपल्या ओळखीमुळे तेथे आपल्याला नीट वागविले जाणार नाही अशी भीती होती. रुग्णालयाच्या नोंदवहीत ही माणसे कधीच सापडली नसती. नोंदवहीत येणाऱ्यांची नावे असतात. जो उंबरठ्यावरून परतला त्याची नोंद कोणता कारकून करणार?

इंटरनेटने वेग दिला तशीच काही संकटेही आणली. समोर माणूस बसलेला नसल्यामुळे तो खरोखर त्या समूहातला आहे काय आणि मोबदल्याच्या लोभाने तोच पुन्हा दुसऱ्या नावाने आलेला नाही ना, हे पारखणे कठीण होते. बोटाचा ठसा येथे घेता येत नाही, आणि घ्यावा तर अनामिकतेचे वचन मोडते. मोबदला फार ठेवला तर लबाड येतात, अगदी नगण्य ठेवला तर प्रामाणिकही पुढे आमंत्रण धाडण्याचे कष्ट घेत नाहीत. दुसरे संकट साखळी तुटण्याचे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी कोरियात जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या लोकांची आरोग्यविषयक पाहणी इंटरनेटद्वारे अशाच रीतीने केली, तेव्हा उत्तरे देणारे पुष्कळ जण पुढे कोणाला बोलावीत नाहीत आणि साखळ्या लवकर आटतात, असा अनुभव आला. कुपन हातोहात देताना डोळ्यांत पाहून दोन शब्द बोलावे लागतात. पडद्यावरचा दुवा इतर पन्नास निरोपांच्या खाली बुडून जातो.

या पद्धतीवर सरसकट विसंबणाऱ्यांना सावध करणारे संशोधनही झालेले आहे. शरद गोयल आणि मॅथ्यू साल्गानिक यांनी २०१० मध्ये दाखविले, की तिच्या अंदाजांतील अनिश्चितता समजली जात होती त्याहून पुष्कळ मोठी असते. युगांडात २५ खेड्यांतील २,४०२ कुटुंबप्रमुख पुरुषांची संपूर्ण माहिती आधीपासून हाती होती. त्यांच्यातच ही पद्धत मुद्दाम वापरून ९२७ जण गोळा केले आणि निष्कर्ष ताडून पाहिले, तेव्हा तरुण आणि अधिक सुस्थितीतले पुरुष प्रमाणापेक्षा कमी आलेले दिसले, आणि वजने लावूनही हा कल सुधारला नाही. २०१२ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. माझ्या मते त्यामुळे ही पद्धत टाकाऊ ठरत नाही. परंतु तिच्यातून निघालेला आकडा सरकारी जाहिरातीत दशांश चिन्हासह छापणे हा मात्र अप्रामाणिकपणा ठरतो.

आणखी एका गोष्टीविषयी मला काळजी वाटते. ही सारी रचना सोबत्याने सोबत्याला बोलावण्यावर आधारलेली आहे, आणि सोबती म्हणजे ज्याला नकार देता येतो तो. उद्या कोणी आपल्याकडच्या ऊसतोडणी मजुरांची पाहणी या रीतीने करू म्हणेल आणि सोय म्हणून दुवा मुकादमाच्या फोनवर धाडील. ज्याच्याकडून उचल घेतलेली आहे, ज्याच्या वहीत कोयत्याचा हिशेब आहे, त्याने पुढे केलेल्या दुव्याला आमंत्रण म्हणता येत नाही. तो हुकूम होय, आणि त्यावर मिळालेली उत्तरे मुकादमाला ऐकवायची उत्तरे असतील. अशा ठिकाणी बीज निवडताना टोळीतल्या एखाद्या बाईपासून आरंभ करावा, आणि मुकादमाला ती साखळी कोठे गेली हे कधीही कळू नये. कोणाकडून कोणाकडे आमंत्रण गेले याचा संगणकात उरलेला नकाशा हीदेखील एक यादीच आहे. काम संपताच ती नष्ट करण्याची लेखी हमी जो देत नाही, त्याला हे काम करू देऊ नये.

वाचकांपैकी कोणाला कधी एखाद्या परिचिताकडून असा दुवा आला, तर प्रथम पाहणी कोण करीत आहे, नाव-पत्ता विचारला जातो काय आणि माहितीचे पुढे काय होणार आहे, हे तपासून घ्यावे. समाधान झाले नाही तर तो खुशाल पुसून टाकावा; तसा अधिकार या पद्धतीनेच दिलेला आहे. पण उत्तर द्यायचे ठरविलेत, तर आपल्यासारखे किती जण ओळखीचे आहेत या प्रश्नावर एखादा गोल आकडा घाईघाईने लिहून मोकळे होऊ नका. दोन मिनिटे बसा, एकेक चेहरा आठवा, आणि मोजून लिहा.